खानापूरचं कौल, देवबागची वाळू

माझ्या लिहायच्या टेबलावर कौलाचा एक तुकडा आहे. पेढ्याएवढा. कडा पार झिजलेल्या, हातात घेतला तर साबणाच्या उरलेल्या वडीसारखा गुळगुळीत लागतो. एका बाजूला बोटाच्या पेराएवढी खाच शिल्लक आहे, पावसाचं पाणी उतरायला कौलाला असते ती. त्या खाचेमुळेच मला तो ओळखू आला. नाहीतर देवबागच्या टोकाला, संगमाच्या ओल्या वाळूत पडलेल्या त्या लाल गोट्याकडे मी दुसऱ्यांदा बघितलं नसतं.

कौल आमच्या खानापूरचं. खानापूरची माती कौला-विटांना चांगली, म्हणून गावाभोवती कौलांचे कारखाने उभे राहिले, कुंभारकाम शिकवणारी सरकारी संस्थाही आली. माझ्या आत्तेला देवबागला दिलं आणि तिच्या सासरच्यांनी १९७४ साली नवं घर बांधायला काढलं, तेव्हा आजोबांनी ट्रकभर कौलं आंबोलीच्या घाटानं खाली पाठवली. थरांमध्ये भाताचा पेंढा घातलेला. वडील सांगायचे, एवढा घाट उतरून तेरा कौलं फुटली, बाकी सगळी शाबूत पोचली. आमच्या घरात तो आकडा अजून सगळ्यांना पाठ आहे.

देवबाग बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मालवणहून तारकर्लीला उतरलं आणि दक्षिणेकडे चालत राहिलं की जमीन अरुंद होत जाते. उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदीची खाडी, मध्ये माड, घरं, एक रस्ता. कर्ली सह्याद्रीतून सरळ पश्चिमेला येते, समुद्र हाकेच्या अंतरावर राहतो आणि तिथं तिला वळावं लागतं. मग ती किनाऱ्याशी समांतर दक्षिणेला जाते आणि भोगव्याच्या समोर एकदाची समुद्राला मिळते. तिला वळायला लावणारी जी वाळूची लांब जीभ, तिच्यावर देवबाग वसलंय. भूगोलाच्या पुस्तकात तिला वाळूचा दांडा म्हणतात. कोकण किनाऱ्यावर दांडा, दांडी अशी नावं जागोजागी भेटतात. मालवणातच दांडी आहे.

आत्तेच्या घराची पुढची बाजू खाडीकडे, मागची समुद्राकडे. स्वयंपाकघर मागं. लहानपणी मे महिन्यात आम्ही जायचो तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून समुद्र दिसायचाच नाही. मध्ये माड, मग सुरूची झाडं, मग वाळूचा उंचवटा, त्यावर पसरलेली मर्यादवेल, तिची जांभळी फुलं. त्याच्या पलीकडे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. सात वर्षांपूर्वीच्या आषाढात यातलं काहीच उरलं नव्हतं. आधी सुरू गेले, मग माड वाकले, मग न्हाणीघर, आणि एका उधाणाच्या रात्री स्वयंपाकघराची मागची भिंत बसली. छप्पर एका अंगावर आलं आणि कौलं पाण्यात सांडली. माणसांना काही झालं नाही. आत्तेनं दुसऱ्या दिवशी पुढच्या पडवीत तीन दगड मांडून चूल केली आणि फोनवर बाबांना म्हणाली, "कौलां गेली रे. खरं आम्ही बरे आसंव."

हे 'खरं' आमचं. बेळगाव-खानापूरकडं 'पण' म्हणायच्या जागी 'खरं' म्हणतात. पन्नास वर्षं मालवणी बोलून आत्तेच्या जिभेवर माहेरचा तेवढा एक शब्द टिकलाय.

गेल्या कार्तिकात मी गेले होते तेव्हा दादानं, म्हणजे माझ्या आतेभावानं, होडीतून संगमावर नेलं. ओहोटी लागली होती. जिभेचं अगदी टोक उघडं पडलेलं, पाऊल टाकलं की भोवतीची वाळू क्षणभर कोरडी व्हायची. तिथं एक, मग पाच पावलांवर दुसरा, असे लाल तुकडे दिसायला लागले. मी सहा गोळा केले. सगळे गोल, सगळे गुळगुळीत, आणि त्यातल्या एकाला ती खाच. दादानं हातात घेऊन बघितलं आणि घराच्या दिशेला मान वळवली. घर तिथून उत्तरेला दोनेक किलोमीटर. "आमच्याच रांदपाच्या खोलयेचा," तो म्हणाला. म्हणजे स्वयंपाकघराचा.

मी पंचवीस वर्षं खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवते. फळ्यावर किती वेळा मी हा दांडा काढला असेल. एक जाड रेघ किनाऱ्याची, तिच्यातून निघालेली आणि टोकाला आत वळलेली दुसरी रेघ, बाजूला बाण, खाली व्याख्या. मुलं ती वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत तशीच काढत. आकृती बरोबर होती. पण तिच्यावरून वाटतं की दांडा ही एक वस्तू आहे, डोंगरासारखी, एकदा झाली की झाली. ते सहा तुकडे हातात घेऊन उभी असताना मला पहिल्यांदा कळलं की दांडा म्हणजे वाट आहे. वाळू तिच्यावरून चालत असते, आणि चालत असते तोवरच तो असतो.

चालते कशी, ते बघायला उधाणाची गरज नाही. कुठल्याही पुळणीवर पाण्याच्या कडेला दहा मिनिटं उभं राहावं. लाट किनाऱ्यावर क्वचितच अगदी सरळ येते. वारा ज्या अंगानं वाहतो त्या अंगानं ती तिरकी चढते आणि आपल्याबरोबर वाळूचे कण तिरके वर नेते. वर जाऊन तिचा जोर संपतो. मग पाणी परतताना मात्र ते तिरकं परतत नाही, उतार जिकडे आहे तिकडे, म्हणजे सरळ खाली घसरतं. कण वर गेला एका जागी, खाली आला हातभर बाजूला. पुढची लाट त्याला पुन्हा तिरका उचलते. करवतीच्या दात्यांसारखी त्याची वाट होते. आठ-दहा सेकंदांना एक लाट धरली तरी दिवसाला नऊ-दहा हजार लाटा झाल्या. आमच्या वडगावात हातमागावर धोटा नुसता इकडून तिकडे, तिकडून इकडे पळताना दिसतो आणि कापड मात्र हळूहळू पुढं सरकत राहतं, तसंच हे. याशिवाय लाटा जिथं फुटतात त्या पट्ट्यात किनाऱ्याला धरून पाण्याचा एक प्रवाहच वाहतो, त्यात तरंगणारी बारीक वाळू वेगळी. दोन्ही मिळून वाळूची नदी होते म्हणा ना, काठाकाठानं वाहणारी.

ही नदी किनारा सरळ आहे तोवर किनाऱ्याला चिकटून चालते. अडचण येते ती किनारा अचानक आत वळतो तिथं, खाडीच्या किंवा नदीच्या तोंडाशी. किनारा वळला तरी वाळू लगेच वळत नाही, ती आपल्या वाटेनं सरळ पुढं जाते. पुढं पाणी खोल, लाटेचा जोर कमी, म्हणून ती तिथंच बसते. आधी पाण्याखाली एक उंचवटा होतो, होडीवाल्यांना तो सगळ्यात आधी कळतो. वर्षं जातात तसा तो ओहोटीला उघडा पडायला लागतो, मग भरतीलाही थोडा वर राहतो. वाऱ्यानं सुकी वाळू त्याच्या पाठीवर चढते. एखाद्या वर्षी मर्यादवेल येते. ही वेल मला फार मोलाची वाटते. खारं पाणी, तापलेली वाळू, मुळाशी माती नाही, आणि तरी ती हातभर लांब पेरं टाकत जाते, प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि पसरलेल्या पानांच्या आडोशाला वाळू साठत राहते. समुद्राची मर्यादा सांगणारी वेल, असं नाव ज्यांनी ठेवलं त्यांनी तिला नीट बघितलं होतं.

टोक आत का वळतं, हे मुलं हमखास विचारतात. लाट उथळ पाण्यात आली की तिचा वेग कमी होतो. दांड्याच्या टोकाजवळची बाजू उथळ, बाहेरची खोल, म्हणून लाटेचं एक अंग मागं राहतं, दुसरं पुढं पळतं आणि सगळी लाट टोकाला वळसा घालून आत येते. बैलगाडी वळवताना आतला बैल दाबून धरतात आणि बाहेरचा चालवतात, तशी ती वळते. वाळूही तिच्याबरोबर वळते. टोकाला कोयतीसारखा बाक येतो. आतल्या निवांत पाण्यात नदीचा बारीक गाळ बसतो, चिखल होतो, कांदळ येतात, तिसऱ्या म्हणजे खायच्या शिंपल्या मिळतात. एका बाजूला सतत आपटणारा समुद्र, दुसऱ्या बाजूला बायका गुडघाभर चिखलात बसून शांतपणे तिसऱ्या काढताहेत, मध्ये दोन-तीनशे पावलांची जमीन. देवबागला दोन्ही एकाच दिवशी बघता येतं.

नदी मात्र हे सगळं मुकाट सोसत नाही. वाळू तिचं तोंड बुजवायला बघते, ती पावसाळ्यात लोंढ्यानं ते धुऊन काढते. भरती-ओहोटीचं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करतं तेही तोंड मोकळं ठेवतं. ज्याचा जोर जास्त त्याप्रमाणे टोक कधी वाढतं, कधी तुटतं. कर्लीच्या खाडीत संगमाजवळ वाळूचं एक बेट आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं गावात सांगतात आणि त्याला नावच त्सुनामी बेट पडलंय. दादा दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला बांबू घेऊन तोंडाशी पाणी मोजतो. गेल्या वर्षीची वाट यंदा चालेलच असं नाही. "गेल्या वर्साक वाळू थंय होती, आता हय इली," हे तो इतक्या सहजपणे सांगतो, जसं आपण पाहुणे आल्याचं सांगतो.

पश्चिम किनाऱ्याचं आणखी एक आहे. इथं वर्षाचे दोन भाग पडतात. आषाढ-श्रावणात नैर्ऋत्येचा वारा, उंच लाटा, त्या पुळणीची वाळू ओढून आत नेतात आणि पाण्याखाली बांधासारखी रचून ठेवतात. पाऊस सरला की लांब, मंद लाटा येतात आणि तीच वाळू थोडी थोडी करून परत आणतात. त्यामुळे ऑगस्टात किनारा बघितला तर सगळं गेलं असं वाटतं, आणि फेब्रुवारीत तिथंच पोरं क्रिकेट खेळत असतात. दोन्ही वेळी वाळू कडेकडेनंही थोडी सरकते, कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला. वर्षाची वजाबाकी होऊन जे उरतं ते दांड्याच्या टोकाला दिसतं. देवबागचं टोक दक्षिणेला, आमची कौलंही दक्षिणेलाच गेली.

हे सगळं समुद्रावरच होतं असं मात्र नाही. अमेरिकेतला भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यानं १८८५ च्या सुमारास किनाऱ्यांवर जे मूलभूत काम लिहिलं ते तळ्यांच्या काठांवरचं. बॉनव्हिल नावाचं एक अवाढव्य तळं हजारो वर्षांपूर्वी आटलं, त्याचे दांडे आणि पुळणी डोंगरांच्या अंगावर तशाच कोरड्या राहिल्या, आणि त्यानं त्या चालत फिरून वाचल्या. हे वाचल्यावर मी राकसकोपला गेले. मार्कंडेय नदीवरचं ते धरण, बेळगावच्या नळाला त्याचं पाणी येतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला पायऱ्यांसारख्या रेघा पडतात, जिथं जिथं पाणी काही दिवस थांबलं त्या. एका जागी काठ आत वळत होता, ओहोळाची छोटी घळ होती, आणि घळीच्या तोंडावर बारीक खड्यांची एक जीभ बाहेर आलेली. लांबी माझ्या दोन हातांएवढी. टोक आत वळलेलं. तिच्यामागं ताटलीभर निवळ पाणी आणि त्यात डासांची पिल्लं. वारा पश्चिमेचा होता, बोटभर उंचीच्या लाटा तिरक्या येत होत्या आणि खडे खरोखरच सरकत होते. मी तिथं तासभर बसले. दुसऱ्या आठवड्यात नववीच्या मुलांना घेऊन गेले. आता त्या धड्याला फळ्यावरची आकृती मी नंतर काढते.

त्याच मुलांना मी बाल्टिक समुद्रावरचा क्युरोनियन दांडा सांगितला. ९८ किलोमीटर लांब, अर्धा लिथुआनियात, अर्धा रशियात, २००० पासून जागतिक वारशाच्या यादीत. वरचं जंगल माणसांनी तोडलं तेव्हा मोकळी झालेली वाळू वाऱ्यानं उडून आख्खी गावं तिच्याखाली गेली, आणि मग पिढ्यान्पिढ्या झाडं लावून ती पुन्हा बांधावी लागली. मी हे सांगत होते आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला, "टीचर, मग तिथल्या बोर्डावर कुठली भाषा?" बेळगाव जिल्ह्यातल्या मुलीला हा प्रश्न पडणारच. मी म्हटलं, एका बाजूला लिथुआनियन, दुसऱ्या बाजूला रशियन. "आणि वाळू?" दुसरा म्हणाला. त्याला काय विचारायचं होतं ते मला नीट कळलं नाही, त्यालाही बहुधा कळलं नसावं, खरं तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला.

वाळू येते कुठून, हा तो प्रश्न मी मग स्वतःलाच विचारला.

काही समुद्राचीच. शेवटच्या हिमयुगात, वीस हजार वर्षांमागे, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. बर्फ वितळला तसा समुद्र वर येत गेला आणि उघड्या मैदानावरची वाळू ढकलत आपल्याबरोबर आणत गेला. सहा-सात हजार वर्षांपूर्वी तो बराचसा स्थिरावला, आणि आज जगात दिसणारे बहुतेक दांडे तेव्हापासूनचे. काही वाळू किनाऱ्यावरच्या कड्यांची, काही शिंपल्यांचा चुरा. आणि बाकीची नद्यांची, म्हणजे डोंगराची, म्हणजे आमची.

आमच्या तालुक्यात कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. तिथल्या पठारावर पडलेला पाऊस दोन्हीकडे जातो. एका उताराचं पाणी मलप्रभेत पडलं की कूडलसंगमला कृष्णेत आणि तिच्याबरोबर आख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात. दुसऱ्या उताराचं म्हादईला मिळून ऐंशीएक किलोमीटरमध्ये, मांडवी होऊन, पणजीला. त्या तोंडाशी आग्वादचा वाळूचा बांध आहे. पावसाळ्यात त्याच्यावर लाटा अशा फुटतात की खनिजाच्या बार्जी मांडवीच्या मुखातून बाहेर न पडता कुंभारजुव्याच्या कालव्यानं जुवारीत उतरायच्या. भीमगडच्या रानात ओढ्यातला खडा पायानं उडवताना हे कधी मनात आलं नव्हतं.

मलप्रभेच्या वाळूची गोष्ट वेगळी. ती सौंदत्तीजवळ नविलुतीर्थच्या घळीत येऊन थांबते. यल्लम्माच्या जत्रेला जाणाऱ्यांना तो मुलूख माहीत आहे. तिथला खडक आपल्या खानापूर-जांबोटीसारखा नाही, थरांचा, गुलाबीसर, कलादगी नावानं ओळखला जाणारा वालुकाश्म आणि त्याचा घट्ट झालेला क्वार्टझाइट. गोकाकचा धबधबा ५२ मीटर खाली पडतो तो याच खडकावरून. रॉबर्ट ब्रूस फूट यानं १८७६ साली या दक्षिण महाराष्ट्र प्रदेशाच्या भूशास्त्रावर मोठा अहवाल लिहिला, त्यात या थरांचं वर्णन आहे. लहानपणी आईबरोबर यल्लम्माला गेले होते तेव्हा एका फरशीसारख्या दगडावर मी बसले आणि त्यावर ओळीनं बारीक वरंबे उठलेले दिसले, शेवया वळून ठेवाव्यात तसे. आईनं सांगितलं, देवीच्या परडीच्या खुणा. आज मला माहीत आहे की उथळ पाण्याच्या तळाशी लाटांनी वाळूवर उठवलेल्या त्या लहरी आहेत, अब्जाहून जास्त वर्षांमागच्या. तेव्हा तिथं पाण्याचा काठ होता. देवबागला ओहोटीनंतर पायाखाली लागतात त्याच या वळ्या, फक्त दगड झालेल्या. आईचं म्हणणं मी मुलांना अजून सांगते, आणि हेही सांगते.

म्हणजे मलप्रभा एका जुन्या किनाऱ्याची वाळू सोडवून घेऊन दुसऱ्या किनाऱ्याला पोचवायला निघालेली नदी. १९७० च्या दशकापासून नविलुतीर्थच्या धरणात ती ओझं खाली ठेवते. पुढं नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा. पाणी कसंबसं सुटतं, वाळू सुटत नाही. त्या किनाऱ्यावर, हंसलदीवीजवळ, कृष्णेच्या मुखाशी लांब दांडे आहेत, आणि त्या त्रिभुज प्रदेशात समुद्र काही भागांत आत येतोय. मी धरणाच्या विरोधात लिहीत नाही. नविलुतीर्थचं पाणी धारवाड-हुबळीची तहान भागवतं, शेतं भिजवतं. पण हिशेब मांडताना वाळूचा रकाना कुणी काढलाच नव्हता, हे मला सलतं.

किनाऱ्यावर एका ठिकाणी हात घातला की दुसरीकडे काय होतं, ते चेन्नईला दीडशे वर्षांपूर्वीच दिसलं. पूर्व किनाऱ्यावर वाळू मुख्यतः दक्षिणेकडून उत्तरेला चालते. तिथं १८७६ च्या सुमारास बंदराच्या भिंती समुद्रात घातल्या. वाळू दक्षिणेच्या अंगाला अडली आणि मरीनाची रुंद पुळण तयार झाली, १८८४ पर्यंत तिच्यावर फिरायचा रस्ताही झाला. उत्तरेला रॉयपुरमची पुळण मात्र खंगत गेली. तिच्या वाट्याची वाळू मरीनावर बसली होती. देवबागला आत्तेच्या घरापलीकडे काही वर्षांपूर्वी दगडांचा बंधारा घातला. जिथं घातला तिथली घरं वाचली, त्याचा मला आनंद आहे, ती माणसं माझ्या ओळखीची आहेत. बंधारा जिथं संपला त्याच्या पुढच्याच तुकड्यात समुद्र जास्त खोल घुसला. आत्तेचं स्वयंपाकघर त्या पुढच्या तुकड्यात होतं. तिथं दगड घालू नका असं मी कुणाच्या तोंडावर म्हणू शकणार नाही. फक्त दांड्यावर एक घर वाचवणं आणि दांडा वाचवणं ही दोन कामं आहेत, आणि दुसऱ्याची सुरुवात वर, नदीच्या पात्रात होते.

खानापूरला मलप्रभेच्या पुलावर उभं राहिलं की मला हल्ली पात्रातले खड्डे आधी दिसतात. आम्ही २००९ साली घर बांधलं तेव्हा सात ट्रक वाळू घेतली. कुठून आणली हे विचारलं नाही. गिलाव्याला बारीक हवी म्हणून पोरं दारात चाळण लावून वाळू चाळत, आणि चाळणीवर राहिलेल्या जाड्या खड्यांशी माझा मुलगा सागरगोट्यांसारखा खेळे. मुठीत घेऊन बोटांतून सोडली की तिचा आवाज अगदी देवबागच्या सुक्या वाळूसारखा यायचा. भिंतीला हात लावते तेव्हा तो आवाज आठवतो.

त्या दिवशी संगमावरून परतलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आत्ते पडवीत पाटा घेऊन बसलेली, माशाच्या कढीसाठी खोबरं-मिरची वाटत होती. चूल कायमची पडवीतच आली, पाटाही आला, पण पडवीची जमीन चोपलेली असली तरी खाली वाळूच, त्यामुळे पाटा एका कोपऱ्यावर डुगडुगायचा. मी तिच्यापुढं सहाही तुकडे ओळीनं मांडले. कुठं सापडले ते सांगितलं. घरापासून टोकापर्यंत ते कसे गेले, लाट तिरकी चढते आणि सरळ उतरते, हे वरवंट्यानं पाट्यावर वाटण सरकवत दाखवलं. ती ऐकत होती. एक तुकडा उचलून तिनं तो पदरानं पुसला, वास घेतला.

"धुराचो वास गेलो," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तेरा फुटलेली. ही धरून किती झाली, कोण मोजतलो."

"यातले ठेवून जाऊ का तुला?" मी विचारलं.

"माका काय करुचे? खरं ह्यो एक दी." तिनं सहांतला सगळ्यात चपटा निवडला, पाटा एका हातानं उचलला आणि डुगडुगणाऱ्या कोपऱ्याखाली तो सरकवला. दोनदा दाबून बघितलं. पाटा हलला नाही. तिनं वरवंटा पुन्हा हातात घेतला आणि मला म्हणाली, "नारळ राहिलोहा अर्धो, तो खवून दी बघू."